डावीकडचा जादा पाटा

माझं काम वजनकाटे तपासायचं. गोदामांतले, भंगारवाल्यांकडचे, ट्रक उभे करतात ते जमिनीतले मोठे. वीस-वीस किलोची प्रमाण वजनं गाडीत घालून मी फिरतो, ती काट्यावर ठेवतो, आकडा बघतो. आकडा खरा असेल तर शिक्का, नसेल तर काटा बंद. एकोणीस वर्षं हेच चाललंय. हे आधी सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं आकड्यांवर आहे आणि आकडे मी स्वतः घेतलेत. माझी चूक होत नाही असं नाही, पण झाली तर मला ती सापडते.

काकांचा फोन आला तेव्हा मी एका पिठाच्या गिरणीत गुडघ्यांवर बसून काटा साफ करत होतो. दोन वर्षांतला त्यांचा पहिला फोन.

"रविवारी मोकळा आहेस?"

"आहे."

"मग ये. गाडी पुरी करून टाकू."

एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला. मी उरलेला काटा साफ केला.

काका म्हणजे लांब्याचे वडील. लांब्या माझा मित्र. सहा फूट दोन इंच उंची आणि अंगावर मांस म्हणाल तर नावाला. शाळेत पडलेलं नाव चाळिशीपर्यंत टिकलं. आम्हा दोघांना डोंगरातल्या वाटांवर गाडी घालायचा नाद होता. रस्ता संपला की आमचं सुरू व्हायचं. मी चालवायचो आणि तो पुढे चालत जाऊन हाताने दिशा दाखवायचा. दगडधोंड्यांत ड्रायव्हरला स्वतःच्या चाकाखालचं दिसत नाही. पुढचा माणूस 'ये' म्हणेल तिकडे यायचं, 'थांब' म्हणेल तिथे थांबायचं. सगळा विश्वासाचा मामला.

दोन वर्षांपूर्वी, सकाळी अकराच्या सुमारास, एका कातळाच्या उतारावर माझी गाडी घसरली. ब्रेक दाबलेला होता. चाकं थांबलेली होती. तरी गाडी ओल्या दगडावरून खाली सरकत राहिली, फार हळू, माणूस चालतो त्याहूनही हळू. उताराच्या तळाशी वाट वळते आणि समोर कातळाची भिंत येते. लांब्या त्या भिंतीला पाठ लावून उभा होता. त्याचा उजवा हात अजून 'ये, ये' करत होता.

चौकशी झाली. माझी चूक नाही असा कागद झाला. मी ती गाडी मोडीत काढली आणि सोमवारी कामावर गेलो. तेव्हापासून मला काही वाटेनासं झालं. याला मी दुःख म्हणत नाही. दातांच्या डॉक्टरने इंजेक्शन दिल्यावर आपला गाल जसा दुसऱ्या कुणाचा वाटतो, तसं सगळंच. जेवायचो, काम करायचो, कुणी विचारलं तर उत्तर द्यायचो. एकदा बायको म्हणाली, "तू घरात आहेस का हे बघायला मला खोलीत डोकावून बघावं लागतं." मी म्हटलं, "आहे." ती थोडा वेळ उंबऱ्यात उभी राहिली आणि गेली.

रविवारी गेलो. काकांच्या घरामागे पत्र्याची शेड आहे. चाळीस वर्षं त्यांनी तिथे वेल्डिंग केलं. भिंतीला लावलेले पान्हे मापाप्रमाणे उतरत्या क्रमाने, खाली काँक्रीटची जमीन, कोपऱ्यात गॅसच्या दोन टाक्या साखळीने बांधलेल्या. मधोमध चार लोखंडी घोड्यांवर गाडीची चासी, म्हणजे नुसता सांगाडा, चढवून ठेवलेली. लांब्याने ती आणून, घासून, गंजरोधक रंग मारून ठेवली होती. त्याचं तेवढंच झालं होतं.

काका त्याच्यापेक्षा अगदी वेगळे. बुटके, काटक, एकसष्ट-बासष्ट किलोचे. मी गेल्यावर ते काय बोलतील याची मी वाटेत तयारी केली होती. ते म्हणाले, "मागचा अ‍ॅक्सल धर त्या बाजूने. पाठ सांभाळ."

त्यानंतर सात महिने आम्ही दर रविवारी काम केलं. लांब्याबद्दल एक शब्द नाही. काकू अकरा वाजता आणि चार वाजता चहा आणून बाकावर ठेवायच्या, माझ्याकडे बघून मान हलवायच्या आणि आत जायच्या. काकांचं बोलणं कामापुरतं. मी एखाद्या वेल्डबद्दल शंका काढली की म्हणायचे, "मला काय विचारतोस? तुझ्या काट्याला विचार." आणि तो जोड चाळीस वर्षं टिकेल असा निघायचा.

गाडी चांगली होत होती. स्प्रिंगचे पाटे नवे घातले, चाकांना वर उचलायला चार इंच जास्त जागा केली. मागच्या अ‍ॅक्सलमध्ये लॉकर बसवला, म्हणजे एक चाक हवेत गेलं तरी दुसरं जोर लावतं. पोटाखाली सहा मिलिमीटरचा पत्रा. दारांखाली दोन्ही बाजूंना जाड पाइप, दगडावर गाडी टेकली तर अंग चेपू नये म्हणून. पुढे विंच, अडकलेली गाडी तारेने ओढून काढायला. डोक्यावर पाइपांचा पिंजरा. आणि सवयच म्हणून प्रत्येक वस्तू गाडीवर चढण्याआधी मी तोलत होतो आणि वहीत लिहीत होतो. नट-बोल्टसुद्धा.

सातव्या महिन्यात गाडी चाकांवर उभी राहिली. आता चार चाकांवर किती-किती भार येतो ते बघायचं होतं, त्याप्रमाणे पाटे जुळवायचे असतात. ऑफिसातून बाद झालेले चार सपाट काटे मी दुरुस्त करून ठेवले होते. ते आणले, पाणसळ लावून एका पातळीत बसवले, गाडी वर घेतली, खाली उतरलो, आकडे वाचले.

वहीप्रमाणे बेरीज यायला हवी होती एक हजार सहाशे बारा. आली एक हजार सहाशे ऐंशी.

मी गाडीत बघितलं. सीटखाली हत्यारं राहिली असतील. नव्हती. टाकीतलं डिझेल मोजलं. वहीतली बेरीज तिथेच बसून दोनदा केली. मग काटे आलटून पालटून लावले. पुढचा मागे, डावीकडचा उजवीकडे. जादा भार काट्याबरोबर फिरला नाही. तो जिथे होता तिथेच राहिला. ड्रायव्हरशेजारच्या, डाव्या सीटच्या बाजूला.

"काय झालं?" काका म्हणाले.

"डावीकडे जास्त येतंय."

"किती?"

"अडुसष्ट."

ते ग्राइंडरची वायर गुंडाळत होते. गुंडाळून झाली, त्यांनी ती खिळ्याला लावली. मग म्हणाले, "मग पाटा वाढव डावीकडे."

"काका, आधी हे कुठून येतंय ते—"

"वजन आहे ना? काट्यावर दिसतंय ना? मग त्याला हिशोबात धर." आणि ते पाटा कापायला गेले.

मी ते काटे त्यांच्याकडेच ठेवून गेलो. बुधवारी मी एका लाकडाच्या वखारीत असताना त्यांचा फोन आला.

"आत्ता घेतलं वजन. सोळाशे एकवीस."

नवा पाटा नऊ किलोचा होता. सोळाशे बारा आणि नऊ, सोळाशे एकवीस. चोख. मला बरं वाटायला हवं होतं.

"गुरुवारीही घेऊन बघा," मी म्हणालो.

गुरुवारी सोळाशे एकवीस. शुक्रवारी, शनिवारी तेच. रविवारी मी शेडमध्ये पाय ठेवला आणि काका माझ्याकडे न बघता आकड्याकडे बघत म्हणाले, "आलास?"

सोळाशे एकोणनव्वद.

मी बाहेर जाऊन कोपऱ्यापर्यंत चाललो. परत आलो. काकांनी एका पुठ्ठ्यावर पेन्सिलीने लिहून ठेवलं होतं. मी फाटकाबाहेर पडल्यावर सोळाशे एकवीस, आत आल्यावर पुन्हा एकोणनव्वद. आम्ही हे पाच वेळा केलं. मग मी एकटा एका काट्यावर उभा राहिलो. त्र्याहत्तर, नेहमीसारखं. म्हणजे ते माझ्या अंगावर नव्हतं. माझ्याबरोबर येत होतं आणि गाडीत जाऊन बसत होतं.

हे लिहिताना मला कळतंय की त्या वेळी मी घाबरायला हवं होतं. मी वहीत आकडे लिहिले, तारीख टाकली.

काका डाव्या दाराशी उभे होते. त्यांनी सीटला हात लावला नाही. "हॉस्पिटलच्या कागदावर लिहिलं होतं," ते म्हणाले. "वय एकेचाळीस, उंची एकशे अठ्ठ्याऐंशी, वजन अडुसष्ट. मी तेव्हा म्हटलंही त्या नर्सबाईंना, त्याला पोटभर खायची सवय नाही हो. काय बोलायचं तेच कळत नव्हतं."

सात महिन्यांत ते लांब्याबद्दल पहिल्यांदा बोलत होते.

"काका," मी म्हणालो, "मला माहीत नव्हतं."

"तुला कसं कळणार. तू बघतोयस का कशाकडे?" आवाजात राग नव्हता. "दोन वर्षं हिंडवतोयस त्याला. गोदामांतून, गिरण्यांतून."

त्यानंतर रविवार पुरेना. ते मंगळवारीही बोलवायला लागले, मग शुक्रवारी. काम काही उरलेलं नव्हतं. ते मला बाकावर बसवायचे आणि स्वतः डाव्या दाराशी स्टूल घेऊन काहीतरी पुसत बसायचे. दाराची बिजागरी, आरसा, बेल्टचं बक्कल. मधूनच हळू आवाजात बोलायचे. एकदा ऐकू आलं, "तुझ्या आईचा गुडघा आता बरा आहे." मी दुसरीकडे बघितलं. मी उठायला लागलो की म्हणायचे, "बस की अजून. घाई काय आहे?" आणि मी बसायचो. मला बसण्यात किंवा उठण्यात काही फरक वाटत नव्हता.

एका मंगळवारी ते म्हणाले, "उद्या सुट्टी टाक. गाडी वाटेवर घालून बघू."

"कुठल्या?"

त्यांनी नुसतं माझ्याकडे बघितलं.

बुधवारी सकाळी निघालो. आभाळ स्वच्छ, वारा नाही. काका मागच्या अरुंद बाकावर बसले, डाव्या सीटवर नाही. मी विचारलं नाही. डांबरी रस्ता संपला, मग खडी संपली, मग दोन चाकोऱ्या उरल्या. गाडी उत्तम चालत होती. ओढ्यातल्या गोट्यांवरून जाताना ती एकदाही डावीकडे कलली नाही. जादा पाटा आपलं काम करत होता. आरशात मला काकांचा चेहरा दिसत होता. ते पुढच्या सीटच्या पाठीकडे बघत होते, मुलाला शाळेत सोडायला जाणारा माणूस बघतो तसे.

पावणेअकराला आम्ही त्या उताराच्या माथ्यावर पोचलो. दगड कोरडा होता. मी उतरून पाहिला, बुटाने घासून पाहिला. खाली भिंत होती. भिंतीवर कशाचीही खूण नव्हती.

काका उतरले आणि दगडांना धरत धरत खाली गेले. भिंतीपाशी पोचल्यावर वळले. पाठ टेकली.

"काका, तिथे नको."

"तो इथेच उभा होता ना?"

"हो."

"मग आण गाडी."

"काका, बाजूला व्हा. मी एकटा उतरवतो."

"तू एकटा नाहीस," ते म्हणाले. "आण."

मी ऐकायला नको होतं. हे मी नंतर पुष्कळांना सांगितलं असतं, कुणी विचारलं असतं तर. पण मी गाडीत बसलो, बेल्ट लावला, सगळ्यात खालचा गिअर टाकला, लॉकर चालू केला. काकांनी उजवा हात वर केला. ये, ये.

पहिले दहा फूट गाडी इंजिनाच्या जोरावर, मुंगीच्या पावलांनी उतरली.

मग उजवं पुढचं चाक एका खळग्यात गेलं आणि डावं मागचं उचललं गेलं. हवेत. मी ब्रेक दाबला.

गाडी थांबली नाही.

दगड कोरडा होता. टायर नवे होते. तरी ती सरकायला लागली. तीच चाल. माणूस चालतो त्याहून हळू.

काकांचा हात थांबला नाही. ये, ये.

मी हॉर्न दाबला. ते हलले नाहीत. ते माझ्याकडे बघतच नव्हते. माझ्या शेजारी बघत होते.

तेवढ्यात गाडी डावीकडे दबली.

दाराखालच्या पाइपवर कुणीतरी बाहेरून उभं राहावं आणि सगळं अंग मागे झोकावं, तशी. पाटा कुरकुरला. हवेतलं चाक खाली आलं, दगडाला टेकलं, आणि टायर करकरला.

गाडी थांबली.

इंजिन बंद पडलं होतं. बंपर आणि काकांचे गुडघे यांच्यात वीतभर जागा होती.

मग डावी बाजू वर आली. सावकाश. कुणी खाली उतरल्यावर येते तशी.

काकांनी हात खाली घेतला. दोन्ही हात अंगापासून जरा लांब धरून ते उभे राहिले, आणि एकदम त्यांचे गुडघे वाकले. पाठीवर पोतं चढवताना हमाल वाकतो तेवढेच. मागचा पाय सरकवून त्यांनी तोल सावरला. मान खाली. तोंडाने श्वास.

मग हळूहळू सरळ झाले.

"चल," ते म्हणाले.

मला म्हणाले की नाही, ते मला ठाऊक नाही.

गाडीपर्यंतची पाच पावलं त्यांना बराच वेळ पुरली. या खेपेला ते डाव्या सीटवर बसले, आणि एकसष्ट किलोचा माणूस बसल्यावर गाडी जेवढी दबायला हवी, त्याहून खूप जास्त दबली. त्यांनी घाम पुसला. परत येताना सबंध वाटेत ते एकच वाक्य बोलले.

"पाटा बरोबर बसवला होता आपण."

घरी आलो तेव्हा मला भूक लागली होती. भूक लागली आहे हे कळायलाच मला थोडा वेळ लागला. आमटी तोंडात घातली आणि जीभ पोळली. मी ओरडलो. बायकोने वळून बघितलं, आणि मग ताटाकडे न बघता माझ्याकडे बघत तिने पुन्हा वाढलं. जेवून उठलो आणि मोरीत तोंड धुताना मला रडू आलं. लांब्याचा हात आठवला, त्याचं घड्याळ थोडं सैल असायचं ते आठवलं, दोन वर्षं नव्हतं आठवलं. बायको बाहेर नळ बंद व्हायची वाट बघत उभी होती. मी खूप वेळ तो चालूच ठेवला.

दुसऱ्या दिवशी काकांचा फोन आला. "गाडी झाली. आता यायची गरज नाही."

"काका, तुम्ही बरे आहात ना?"

"आता बराच आहे," ते म्हणाले. श्वास लागलेला ऐकू येत होता.

मी गेलो नाही. खरं सांगायचं तर मला जायचं नव्हतं. मला झोप लागत होती, पावसाचा वास येत होता, ऑफिसात कुणी विनोद केला तर हसू येत होतं. हे सगळं कुणाच्या जिवावर, हा विचार यायचा आणि मी तो बाजूला ठेवायचो. तीन आठवडे असे गेले.

चौथ्या आठवड्यात, शनिवारी सकाळी, भाजीवाल्याकडे काकू भेटल्या. डोळ्यांखाली काळं झालं होतं, पण केस नीट विंचरलेले, साडी इस्त्रीची. मला बघून त्यांनी नेहमीसारखी मान हलवली. मी पिशवी घ्यायला पुढे झालो तर नको म्हणाल्या.

"काका कसे आहेत?"

"आहेत. जिना चढताना मध्येच बसतात. डॉक्टरांनी सगळं तपासलं, काही सापडलं नाही. म्हणाले, या वयात होतं." त्या बटाटे निवडत होत्या. एक हातात घेऊन फिरवला, परत ठेवला. "खूश असतात पण. मीच जरा झोपेला महाग झालेय."

"का?"

"पलंगावर मला जागाच उरत नाही," काकू म्हणाल्या. "मी खाली झोपते हल्ली."

भाजीवाला दुसऱ्या गिऱ्हाइकाशी बोलत होता. काकूंनी आजूबाजूला बघितलं आणि आवाज खाली आणला. लाजल्यासारखा चेहरा झाला त्यांचा.

"एक विचारू का रे? यांना विचारलं तर सांगत नाहीत. तुझ्याकडे होता, तेव्हा कसा झोपायचा?"

"भिंतीकडे तोंड करून," मी म्हणालो. "एक हात उशीखाली."

मी हे विचार न करता म्हणालो. मला हे माहीत आहे, हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं.

काकूंनी समाधानाने मान हलवली. "हो," त्या म्हणाल्या. "लहानपणापासून तसाच." आणि त्या पुन्हा बटाटे निवडू लागल्या.